नवजीवन बँडला आलेली विलायती लाट

बँडवाल्यापाशी किस्से साठतात त्याला कारन हाय. वरातीत समद्यांची तोंडं पुढं, आमी तेवढे उलटे चालतो, नवऱ्याकडं तोंड करून. कोन रडतंय, कोन पिऊन आलंय, कोनाचा जावई रुसलाय, समदं दिसतं. मी वीस वर्सं ढोल वाजवला. शाळा चौथीत सुटली. मास्तरनं मला मारलं म्हनून नाय, मी मास्तरला मारलं म्हनून. तवा गोडगोड ऐकायचं असंल तर दुसऱ्याकडं जा.

कळंबच्या अंगाला आमचं गाव आन आमचा नवजीवन ब्रास बँड. ट्रंपेट गंगाराममामाचा, ढोल माझा, आन क्लारनेटवर विलास. विलास माझा चुलतभाऊ, मोहोपाड्याला केमिकल कंपनीत कामाला. सगळी भानगड त्यानंच आनली.

*

कंपनीच्या कॉलनीत एका सायबाचा पोरगा विलायतेहून आला. त्यानं विलासला एक कॅसेट दिली आन तिकडच्या एका बँडचा फोटो. पाच जनं. केस एका डोळ्यावर, दुसऱ्या डोळ्यात काजळ, ओठ लाल, गळ्यात मोत्यांच्या माळा.

गंगाराममामानं फोटो उलटासुलटा करून बघितला. म्हनला, "ह्यात नवरी कंची?"

"मामा, समदे बाप्ये हायत," विलास म्हनला. "ह्याला न्यू वेव म्हनतात. नवी लाट. आता आपन बी हेच करायचं."

मी म्हनलो, "लाट समुद्राला येते. आपल्याकडं उल्हास नदी. तिला पूर येतो, आन पुरात कोनाचं काय वाहून जाईल सांगता येत नाय."

काय वाहून जानार ते मला पंधरा दिवसांत कळलं.

*

विलासनं क्लारनेट इकलं आन ऑर्गन आनला. पाटाएवढा, पन बटनं इमानासारखी. त्यातलं एक बटन त्यानं दाबलं. ढुक-चिक, ढुक-चिक. ढोल वाजायला लागला. ना काठी, ना चामडं, ना मानूस.

मी बघतच ऱ्हायलो.

विलास म्हनला, "शांताराम, हे चा मागत नाय, रुसत नाय, आन लगीनघरच्या म्हाताऱ्याच्या अंगावर धावून जात नाय."

मी म्हनलो, "मी एकदाच धावलोय."

गंगाराममामा म्हनला, "ह्या म्हयन्यात."

हसले समदे. मी नाय हसलो. मला शेती नाय, अक्षर नाय, दुसरा धंदा नाय. ढोल तेवढा येतो. आन त्याचं आता बटन निघालं व्हतं.

*

पन खोटं कशाला बोलू, लाट आली ती आलीच. खालापूरपासनं नेरळपर्यंत ज्याला त्याला "तो काजळवाला बँड" पायजे. बिनकाजळाचं कोन बोलवंना.

मी म्हनलो, मी काजळ घालनार नाय. विलास म्हनला, "नको घालूस. बटन हाय."

बसलो गुमान. बायको काजळ घालायला लागली. "हलू नका, डोळा फुटंल." तेवढ्यात शेजारची म्हातारी दारात आली. घटकाभर बघत ऱ्हायली आन बायकोला म्हनली, "दिष्ट लागायचं वय गेलं गं ह्याचं. आता कशाला?"

*

ऑर्गनला करंट लागतो. वरात तर चालती. मंग विलासनं शक्कल काढली. ही लांबलचक वायरची गुंडाळी घेतली. ज्याच्या घरात लाईट त्याच्याकडं जायचं, "वैनी, जरा प्लगात घालू का?" वायर पुरंल तिथवर वरात चालायची, मंग वायर काढायची, पुढच्या घरात घालायची. तवर नवरा घोड्यावर गप, घोडा बी गप.

खालापूरकडं एका गावात भर दुपारची वरात. सुरवातीच्या घरांना लाईट व्हती, ती झाली. नवऱ्याचं घर गावाच्या पार टोकाला, तीन वावरं पल्याड, आन तिकडं खांबच नाय. वायर तानली, तानली, संपली. वरात शेताच्या बांधावर हुबी.

विलास नवऱ्याच्या बापाला म्हनला, "दादा, हितंच उतरवा की घोड्यावरनं. हितवर झकास आलंय."

बाप म्हनला, "आन सून काय वायर संपली तिथं नांदवू?"

*

मंग उतार लागला. ज्याच्या त्याच्याकडं ऑर्गन झाला, ज्याच्या त्याच्या डोळ्यात काजळ. नेरळला तर एक न्हावी एका डोळ्यावरचे केस कापायला शिकला आन त्यानंच बँड काढला. आमची लग्नं कमी झाली.

त्यात एक दिवस विलास कामावरनं आला, तोंड पाडून. म्हनला, "फुटला."

मी म्हनलो, "ऑर्गन?" मला जरा बरं वाटलं.

"बँड. विलायतेतला. सायबाचा पोरगा सांगत व्हता. गानारा अलग झाला."

"कशापायी?" मामानं इचारलं.

"परत्येकाला वाटलं, आपल्यामुळंच चाललंय."

मंग विलास हळूच म्हनला, "आपन बी अलग व्हायला पायजे. मोठे बँड असंच करतात."

मी म्हनलो, "अरं येड्या, त्यांचं भांडन तिकडं. आपन सकाळी एका ताटात जेवलोय."

"तरी पन," विलास म्हनला. "तुझ्या ढोलाचं आता काम बी नाय ऱ्हायलं."

मंग मी ढोलाची काठी फेकून मारली. त्याला नाय लागली, मामाला लागली. झालं. विलास एकटा एक बँड, मी आन मामा दुसरा. सामान मातर एकाच गोठ्यात, म्हनून मधी दोरी बांधली. ह्या बाजूला ऑर्गन, त्या बाजूला ढोल.

म्हैस दोरीवर बसायची.

*

पुढच्या उन्हाळ्यात नेरळकडं एक लगीन. नवरीकडच्यांनी मला बोलावलं, नवऱ्याकडच्यांनी विलासला. आमची तोंडं मांडवातच समोर आली. बोललो नाय.

नवऱ्याचा मामा म्हनला, "आमाला ढोल नको. अडानी दिसतं. ऑर्गन हाय ना." नवरीच्या बापानं माझ्यापुढं हात जोडले. "शांताराम, पोरीचं लगीन हाय. कनातीच्या मागं बस. जेवून जा, पन वाजवू नको."

मी मांडव उलटा केला असता. गंगाराममामानं माझा सदरा धरला तो सोडलाच नाय. बसलो दोघं कनातीमागं, आचाऱ्याच्या भांड्यांत. ढोल मांडीवर.

विलास कनातीला लागूनच बसला व्हता, पल्याडच्या अंगाला. कापडाच्या भोकातनं मला त्याचे हात दिसत व्हते. आता ऑर्गन तो सेलवर चालवायचा, आन सेल जुने, उन्हात तापवून परत घातलेले. मंगलाष्टकं सरली. हार पडताना वाजंत्री गप बसली तर आमच्याकडं अपशकुन मानतात, बाया पोरीला जनमभर बोलून दाखवतात. हार वर गेले, विलासनं बटन दाबलं, आन सूर मऊ पडला, वल्या पापडावानी. मंग तो बी गेला.

"वाजव की रं," नवऱ्याचा मामा म्हनला.

विलास बटन दाबतच ऱ्हायला.

"अरं वाजव म्हनतो ना. पोरीच्या गळ्यात हार पडतोय."

मी ढोल गळ्यात घातला. गंगाराममामानं ट्रंपेट उचलला. वाजवलं आमी, तेच त्याचं ढुक-चिक, त्याच चालीत. विलासनं एकदा कनातीकडं बघितलं. मंग बोटं फिरवायला लागला. पंगत बसंपर्यंत आमी वाजवत व्हतो आन तो बोटं फिरवत व्हता.

ढोल मागंच ठेवून मी पानी प्यायला मांडवात आलो. विलास ऑर्गनवर फडकं घालत व्हता. नवऱ्याकडचा एक म्हातारा काठी टेकत त्याच्यापाशी आला. म्हनला, "पोरा, लय मशिनी बघितल्या, पन ह्या मशिनीचा ढोल असा वाजतो जसा मानूसच मारतोय. जीव हाय त्यात."

विलासनं फडक्याची गाठ मारली.

म्हातारा माझ्याकडं वळला. "तू बी बँडवालाच दिसतोस. बघ, शिक कायतरी. कुठली रं असंल ही?"

विलासनं मान खाली घातली.

मी म्हाताऱ्याच्या म्होरं पान्याचा तांब्या धरला. म्हनलो, "जपानची हाय, आजोबा."