दोन पानांचं भाषण

आर्वीच्या कॉलेजात बी.ए.ला असताना आमची वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, अमेरिकेत यादवी युद्ध पेटण्याआधी गुलामगिरीवरून राज्याराज्यांत झालेला वाद. चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा मला गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांची बाजू आली. आठवडाभर मोबाइलवर शोधून मी तयारी केली. प्रत्येक राज्याला आपला कारभार ठरवायचा हक्क आहे, दूर राजधानीत बसलेल्यांनी त्यात लुडबुड करू नये, असं मी तावातावाने मांडलं. वर्ग टाळ्यांनी दणाणला आणि पहिला नंबर माझाच आला.

परतताना एसटीत माझी मैत्रीण शेजारी बसली होती. ती गोंड घरातली, एरवी फार न बोलणारी.

"तू एकदाबी गुलाम म्हटलं नाई," ती म्हणाली.

"माही बाजूच तशी होती ना व!"

"मंग हक्क कायचा होता? माणसं बाजारात इकाचाच ना? अन् मीबी टाळ्या वाजवल्या. आता मलेच माही लाज वाटून राह्यली."

मी पिशवीतून भाषण काढून वाचलं. दोन्ही पानांत तो शब्द खरंच कुठे नव्हता. मी तो मुद्दाम टाळला असता तर गोष्ट वेगळी होती. लिहिताना ती माणसं माझ्या मनातच आली नव्हती. मी ती पानं पुन्हा पुन्हा वाचत राहिले. माझं गाव आलेलंही मला कळलं नाही, तिनेच हलवून उतरवलं.

दुसऱ्या दिवशी सरांकडून पाच मिनिटं मागून मी वर्गात हे सगळं सांगितलं. या वेळी सुरुवातच मी 'गुलाम' या शब्दाने केली.