अर्धी गोळी

सकाळी कारखान्यातली यंत्रं सुरू व्हायच्या आधी ती धागे कापायच्या छोट्या कात्रीने एक गोळी मधोमध तोडायची. अर्धी स्वतःच्या जिभेवर, अर्धी शेजारी बसलेल्या थोरल्या जावेच्या तळहातावर. मग दोघी एकाच बाटलीतलं पाणी प्यायच्या आणि शर्टांना बटणं लावायला बसायच्या.

सगळे तिला ‘कात्री’च म्हणायचे. हातातल्या कात्रीमुळे कमी, जिभेमुळे जास्त.

धाकटं अंगावर पीत असतानाच तिला पुन्हा दिवस गेले होते. दवाखान्यात जाऊन ती गर्भ पाडून आली. त्याच दिवशी सिस्टरने विचारलं, “आता पुढचं काय? तांबी आजच बसवता येईल. नाहीतर इंजेक्शन आहे, गोळ्या आहेत. पाळी यायची वाट बघत बसू नकोस, त्याआधीही दिवस राहतात.”

“तांबीचं घरी विचारून सांगते.”

“का? नवऱ्याच्या पोटात बसवायचीय का?”

कात्रीला हसू आलं, पण धीर झाला नाही. ती गोळ्या घेऊन आली. रोज एक, चुकवायची नाही, एवढं तिने पक्कं ध्यानात ठेवलं.

थोरलीलाही आता मूल नको होतं. पण दवाखान्याच्या दारावरचा शिपाई तिच्या नवऱ्याचा मित्र. तिथे पाऊल टाकलं की घरी बातमी. ती एवढंच म्हणाली, “तुझं बरंय बाई.”

त्या दोघींची छत्री एक, साबणाची वडी एक, थंडीतली शाल एक. गोळी वाटून घेण्यात कुणाला काय वावगं वाटणार?

“घ्या जाऊबाई, अर्धी तुमची, अर्धी माझी. नवऱ्यांची वाटणी तेवढी राहिली.”

“तो माझा अख्खाच घेऊन जा,” थोरली म्हणाली. दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

थोरली नुसत्या नशिबाने वाचली. कात्रीची पाळी चुकली. मळमळ, अंधारी, सगळं ओळखीचं.

“सिस्टरकडे जा,” थोरली म्हणाली.

“कोणत्या तोंडाने? गोळी एक दिवस चुकवली नाही, यावर त्या विश्वास ठेवतील?”

आज जाते, उद्या जाते करत पोट दिसायला लागलं. तेव्हा नवऱ्याने कुठल्याशा दुकानातून कागदाच्या पुडीत औषध आणून दिलं. पुडीवर नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली, शाल कमरेला घट्ट गुंडाळून. दुपारपर्यंत तिच्या खालचं बसकर भिजलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत फार उशीर झाला.

दिवसकार्य उरकल्यावर थोरली त्याच दवाखान्यात गेली. दारावरचा शिपाई बघत राहिला. तिने डोक्यावरचा पदरही सारखा केला नाही. अर्ध्या गोळीची गोष्ट ऐकून सिस्टरने हातातलं पेन खाली ठेवलं.

“अर्ध्या गोळीने अर्धं रक्षण होत नाही गं,” ती म्हणाली. “काहीच होत नाही. मला विचारायचं तरी.”

थोरलीने मान खाली घातली. “मला तांबी बसवा. घरी विचारलेलं नाही.”

आता ती एकटीच बटणं लावते. शेजारच्या जागेवर अजून कुणी बसत नाही. त्या दुपारी कात्रीला उचलून गाडीत ठेवताना तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. तरी थोरलीचा हात धरून तिने सांगितलं होतं,

“जाऊबाई, त्या निळ्या शर्टाचं कॉलरचं बटण सैल राहिलंय, तेवढं घट्ट करा.”