भांडाराचं कॅलेंडर

गिरगावातल्या आमच्या छापखान्यात चित्राचा प्रत्येक रंग छपाईच्या वेगळ्या दगडावर चढायचा. काळी रेघ माझी, लाल रंग माझ्या जोडीदाराचा. शेजारी शेजारी बसून आम्ही वर्षानुवर्षं गिरण्यांच्या कापडाची लेबलं काढली. लक्ष्मी, मोर, हत्ती, पुन्हा लक्ष्मी. मी लालबागचा, तो नायगावच्या बीडीडी चाळीतला. एकमेकांच्या डब्यातलं खायचो. त्यात मला स्वतःचा मोठेपणा वाटायचा, हेही सांगून टाकतो.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. हरताळ व्हायचे, दुकानं बंद पडायची, म्हणून लालबागच्या लोकांनी एक सहकारी भांडार काढलं. 'सगळ्यांचं भांडार' असं पाटीवरच लिहिलं होतं, आणि ती पाटी मीच रंगवली होती. त्याने आपल्या चाळीत दारोदार फिरून बरीच कुटुंबं सभासद करून आणली. ती माणसं नुकतीच बौद्ध झाली होती, घरातल्या देवांच्या तसबिरी उतरवल्या होत्या. "तिथे आपल्याला कोणी वेगळं धरणार नाही," असं त्याने घरोघरी सांगितलं. ते त्याच्या शब्दावर आले.

दिवाळीच्या सुमाराला भांडाराने सभासदांसाठी नव्या वर्षाचं कॅलेंडर काढायचं ठरवलं. चित्र माझ्याकडे आलं. मी नऊवारीतली बाई काढली, हातात मंगलकलश, वर नारळ, कलशाच्या पोटावर लाल स्वस्तिक. महाराष्ट्र म्हटलं की हात आपोआप तिकडेच जायचा.

त्याने ते बराच वेळ पाहिलं.

"हे माझ्या आईने कुठे लावायचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? ज्या खिळ्यावरचा देव उतरवला, त्याच खिळ्यावर कलश टांगायचा? घागर काढ ना बाबा. साधी पाण्याची घागर. बाई पाणी देतेय, बस. पाणी सगळ्यांना लागतं."

"कमिटीला चालेल?"

"तू म्हणालास तर चालेल. तुझ्याच लालबागची कमिटी. मी चाळीत सांगून ठेवतो."

घागर त्याच्या तोंडी का आली, हे न कळण्याइतका मी लहान नव्हतो. हो म्हणालो. नारळ पुसून कलशाची घागर केली. पण कमिटीकडे जे कच्चं चित्र गेलं, त्यात स्वस्तिक राहू दिलं. उगाच वाद नको. त्याने ते आपल्या लाल दगडावर घेतलंच नाही. नमुना छापून आला तेव्हा बाईच्या हातात कोरी, तांब्याची घागर होती. माझ्या मूळ चित्रापेक्षा ती चांगली दिसत होती.

कमिटीची बैठक व्यायामशाळेत भरायची. आपल्या चाळीतले दोन वयस्कर सभासद त्याने मुद्दाम बरोबर आणले होते. सेक्रेटरी आमच्या गावाकडचे, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. त्यांनी नमुना लांब धरून पाहिला.

"ह्यां काय रे? मयताचां मडकां?"

सगळे हसले. मीही हसलो.

"आधी स्वस्तिक होतं ना?" कोणीतरी विचारलं. "गेलं कुठे?"

माझ्या मागे त्याची खुर्ची सरकल्याचं मी ऐकलं. तो उभा राहत होता. तो बोलायच्या आत मी बोललो.

"लाल दगडावर राहून गेलं. विसरला तो. घालून देतो."

"नारळ पण घाल मरे," सेक्रेटरी म्हणाले, आणि पुढचा विषय निघाला. तो खाली बसला. बरोबरचे दोघे त्याच्याकडे बघत होते.

ट्रामच्या थांब्यावर त्याने विचारलं, "विसरला असं का म्हणालास?"

"तुला बोलणी बसली असती."

"बसली असती तर बसली असती. मी तेच सांगायला उठत होतो. विसरलो नाही, घेतलं नाही, आणि का घेतलं नाही. ते दोघं तेवढंच ऐकायला आले होते." मग म्हणाला, "आता चाळीत काय सांगू? माझा हात चुकला म्हणून?"

पुष्कळ वर्षं मी मनाशी म्हणत आलो की मी त्याला सांभाळून घेतलं. तसं नव्हतं. तो बोलला असता तर सगळे माझ्याकडे वळले असते, आणि मला माझ्या माणसांसमोर एक बाजू घ्यावी लागली असती. तेवढं टाळण्यासाठी मी त्याचा नकार चूक म्हणून खपवला. दुसऱ्या दिवशी स्वस्तिक आणि नारळ मीच माझ्या हाताने दगडांवर काढले. तो शेजारी बसून दुसऱ्या कामाचा लाल भरत होता.

नायगावच्या वाट्याची कॅलेंडरं त्याने गुंडाळलेलीच भांडारात आणून ठेवली. मग तिथली कुटुंबं एकेक करून यायची थांबली. भांडण कोणी केलं नाही. मोर्च्यात आम्ही सगळे एकत्रच चालत होतो, घोषणाही त्याच देत होतो.

राज्य झालं तेव्हा भांडारावर रोषणाई केली. तेच चित्र मोठं करून दारावर लावायचं ठरलं. मला नाही म्हणता आलं असतं. आता या वयात सबबी सांगून कंटाळलो, म्हणून तेही लिहितोय. मी शिडीवर होतो तेव्हा तो बायकोला घेऊन दिवे बघायला आलेला दिसला.

"आत ये की, पेढे आहेत," मी वरून म्हटलं.

"असू दे," तो म्हणाला. चांगलं बोलला, अगदी नेहमीसारखं. दोघं थोडा वेळ समोरच्या फुटपाथवर उभे राहून दिवे बघत होते, मग नायगावकडे चालू लागले.