कॅल्शियमची बाटली

मास्तर चार महिने मनोरुग्णालयात राहून परत आले, तेव्हा दुकानातल्या कापायच्या टेबलावर त्यांची कात्री नव्हती. बावीस वर्षं त्या कात्रीनं त्यांनी लोकांचे कोट बेतले होते. धाकट्या भावानं ती कपाटात कुलूपबंद केली होती.

"दादा, तू सध्या काजं-बटणं बघ. डॉक्टर म्हणालेत, ताण नको."

डॉक्टर असलं काही म्हणालेच नव्हते. 'गोळ्या वेळेवर घ्या आणि कामाला लागा,' एवढंच म्हणाले होते, तेही मास्तरांच्या तोंडावर. गिऱ्हाइकांना भावानं सांगून टाकलं होतं, कावीळ झाली. चार महिन्यांची कावीळ!

घरी भावजयीनं गोळ्या पाकिटातून सोडवून कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. "आल्यागेल्याचं लक्ष जातं, दादा. पोरीचं लग्न व्हायचंय."

मास्तरांनी राग गिळला. त्या घरात बाकीचे चिडले तर तो राग, मास्तर चिडले की "झालं का पुन्हा सुरू?"

मग आत्या राहायला आली. तिचे गुडघे दुखत होते. फळीवर कॅल्शियम दिसलं, तिनं कोणाला न विचारता दोन गोळ्या घेतल्या. सकाळी ती उठेचना; बाटली उशाशी उघडीच होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आत्याचा मुलगा मास्तरांच्या अंगावर धावून आला. "वेड्याच्या घरी आईला पाठवलीच कशाला! काय घातलंस चहात?"

मास्तरांनी भावाकडे पाहिलं. भाऊ फरशी बघत होता. भावजय पदराशी चाळा करत होती. बाटलीत काय होतं ते दोघांना माहीत होतं.

"काय घेतलंय यांनी? लवकर बोला," डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"माझ्या गोळ्या," मास्तर म्हणाले आणि गोळीचं नाव, ताकद सांगितली. "कॅल्शियमच्या बाटलीत होत्या. मी भरल्या नव्हत्या."

संध्याकाळी आत्यानं डोळे उघडले. "झोप झकास लागली गं. गुडघे मात्र तसेच!"

कोणीही मास्तरांची माफी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानात गोळ्यांचं नवं पाकीट टेबलावर, मापाच्या टेपशेजारी, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

"किल्ली दे."

"दादा, चिडू नकोस, तुझी तब्येत..."

"चिडलोय मी. आजारी नाही, चिडलोय! म्हातारी मरायला टेकली होती, ती माझ्या वेडानं नाही, तुमच्या लाजेनं."

तेवढ्यात एक जुनं गिऱ्हाईक कापड घेऊन आत आलं. "काय मास्तर, कावीळ बरी झाली?"

"कावीळ नव्हतीच. डोक्याचा आजार होता, मनोरुग्णालयात होतो. या, माप घेतो."

गिऱ्हाइकानं टेबलावरचं पाकीट पाहिलं, कापड काखेत घट्ट धरलं आणि "नंतर येतो" म्हणत पायऱ्या उतरलं.

"घालवलंस ना!" भाऊ कळवळला.

"ते गेलं. तू कुठे जाणार?" मास्तरांनी हात पुढे केला. "किल्ली."

भावानं किल्ली दिली. मास्तरांनी कात्री काढली, तिच्यावरचा गंज बोट फिरवून पाहिला आणि ती त्याच्यापुढे ठेवली.

"तेल आण. तू गंजवलीस, तूच पूस."