सपाट रस्त्यावरचे ब्रेक

निवृत्त झाल्यावर नोकरीतली बरीच प्रकरणं डोक्यात एकमेकांत मिसळून गेली. चेहरा आठवतो तर ठाणं आठवत नाही, ठाणं आठवतं तर आरोपी निसटतो. एक प्रकरण मात्र कालपरवाचं असावं तसं समोर उभं राहतं. संभाजीनगरात, हर्सूलच्या अलीकडच्या एका वस्तीतल्या अपघाताचं. नावं कोणाचीच लिहीत नाही. ती माणसं आजही तिथंच राहतात, त्यांना सुखानं राहू द्यावं.

मी तेव्हा त्या ठाण्याचा निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना सरकारी दवाखान्यातून खबर आली. आदल्या संध्याकाळी मोटारसायकलवरून पडलेला एक वयस्कर माणूस पहाटे दगावला होता. गाडी त्याचाच मुलगा चालवत होता. घरात बहिणीचं लग्न ठरलेलं, म्हणून बापलेक गुलमंडीवरून आहेराचं कापड घेऊन निघाले होते. बापाच्या दोन्ही हातांत कापडाचं गाठोडं, त्यामुळं त्यानं कशालाच धरलं नव्हतं. मुलाचं म्हणणं असं की, अंधारून आलं होतं, रस्त्यावरचे दिवे लागले नव्हते, अचानक भला मोठा गतिरोधक आला अन् गाडी उडाली. त्यावर ना पांढरे पट्टे, ना अलीकडं पाटी.

हवालदार घटनास्थळाचा पंचनामा करून आले ते वैतागूनच. "साहेब, पोरगं थापा मारतंय. तिथं गतिरोधकच नाय. रस्ता सपाट हाय."

मी स्वतः जाऊन पाहिलं. खरंच सपाट. पाण्याच्या पाइपासाठी खोदून बुजवलेला रस्ता, पावलापावलावर ठिगळं. त्यातलं कालचं कोणतं अन् जुनं कोणतं, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. वळणावर एक किराणा दुकान होतं. दुकानदाराला सगळी गल्ली चाचा म्हणायची. त्याला विचारलं, तर तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "स्पीडब्रेकर? नै साब, इधर कभी था इच नै." बाकीच्यांचंही तेच. सगळ्यांचं उत्तर इतकं सारखं होतं की मला ते आवडलं नाही. पण न आवडणं हा काही पुरावा नव्हे. मुलावरच गुन्हा दाखल झाला: हयगयीनं वाहन चालवून वडिलांच्या मृत्यूस कारणीभूत.

बापाचे दिवस झाल्यावर मुलगा जबाबाला आला. शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला होता. डोक्यावरचे केस काढलेले, डोळे खोल गेलेले. म्हणाला, "साहेब, शिक्षा द्या, मी नाय म्हणत नाय. पण मी खोटं बोललो नाय. आई जेवायला वाढती अन् माझ्याकडं बघत नाय. एवढंच म्हणती, एवढी कशाची घाई होती रे तुला? तिला कुणीतरी सांगा, साहेब, घाई नव्हती म्हणून."

आयुष्यभर माणसं तपासली. खोटं बोलणारा आधी स्वतःची सुटका मागतो. हा पोरगा सुटका मागतच नव्हता. त्याला फक्त आईच्या नजरेत परत यायचं होतं. मला तो दिवसभर चैन पडू देईना.

अशा वेळी खबरी कामाला येतात, पण या प्रकरणात एकही जण तोंड उघडेना. मग मी साध्या कपड्यात त्या वळणासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. चहा फक्कड होता, सांगायला हरकत नाही. दुसरा कप हातात असताना एक रिक्षा आली आणि वळणाच्या अलीकडं, सपाट रस्त्यावर, चांगली दबकली. मागून एक दूधवाला आला. त्यानंही ब्रेक मारला. सायकलवरची एक मुलगी आली, ती तिथं बरोबर सीटवरून अर्धवट उठली अन् पुढं जाऊन परत बसली. एका स्कूटरवर मागं बसलेल्या आजीबाईंनी तिथं येताच पोराचा खांदा घट्ट धरला. बाहेरच्या गाड्या भुर्रकन निघून जात होत्या, गल्लीतली प्रत्येक गाडी मात्र त्याच जागी हळू होत होती. कप तसाच खाली ठेवला. अहो, मुलगा शंभर टक्के खरं बोलत होता! गतिरोधक गेला होता, लोकांची सवय अजून गेली नव्हती.

पुढची रिक्षा मी हात करून थांबवली. "ब्रेक का मारला रे?"

"आदत पड गई, साब."

"कशाची आदत?"

त्यानं जीभ चावली. मग घाईघाईनं रिक्षा पुढं दामटली.

मी गल्लीतल्या पाचसहा जणांना ठाण्यात बोलावलं. एकेकाला वेगळं बसवून विचारलं. गतिरोधक होता, हे शेवटी कबूल झालं. अपघात झाल्यावर पहाटेच पहार-कुदळी घेऊन तो उखडला, मुरूम भरला, वरून झाडून घेतलं, हेही कबूल झालं. पण तो मुळात घातला कोणी? इथं सगळे पुन्हा मुके. दरडावलं, समजावलं, चहा पाजला. चाचा तर खाली मान घालून नुसता दाढी कुरवाळत बसला. हे स्वतःसाठी भ्यालेले लोक नव्हते. कोणालातरी पाठीशी घालत होते.

दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, साधं लुगडं, गळ्यात मोजमापाची टेप तशीच लटकलेली. गल्लीत ब्लाऊज शिवायची. तिला पाहून सगळे उठून उभे राहिले. चाचा पुढं होऊन म्हणाला, "बाई, तुम घर जाव."

तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. "साहेब, ह्यांना सोडा. गतिरोधक म्या घातला. माझ्या हातानं."

मी तिला खुर्ची दिली. बसली नाही. उभ्यानंच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिची दहा वर्षांची लेक त्याच वळणावर गेली. समोरच्या दुकानातून साखर घेऊन येत होती. सिग्नल चुकवायला या रस्त्यानं गाड्या सुसाट जातात, त्यातलीच एक तिला उडवून पळून गेली. ती फाइल मी त्या ठाण्यात येण्याआधीच 'अ' समरीत बंद झाली होती. म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही. बाईनं गतिरोधकासाठी अर्ज केले, खेटे घातले, कोणी दाद दिली नाही. शेवटी कोणाच्यातरी बांधकामातलं उरलेलं सिमेंट मागून आणलं अन् स्वतःच घमेलं उचललं. तिला दुसऱ्या कोणाचंतरी लेकरू वाचवायचं होतं. रंगाचे पट्टे हवेत, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

"आजवर का नाही बोललात?" मी विचारलं.

"मला वाटलं, अपघात म्हणून मिटलं आसंल. भ्याले बी व्हते. त्या पोरावर केस झाली, हे आज कळलं." मग तिनं मान वर केली. "माझ्या लेकीला उडवणारा पळून गेला, साहेब. आता म्या बी पळू व्हय?"

मी तिचा जबाब लिहून घेतला.

मी त्या मुलाला आणि त्याच्या आईला बोलावून घेतलं. कायद्यात असं कुठं लिहिलेलं नाही, पण मला ते करावंसं वाटलं. बाई त्या माउलीपुढं हात जोडून उभी राहिली. म्हणाली, "तुमच्या लेकाची काय बी चूक नाय. तुमचं कुंकू माझ्या हातानं गेलं. त्याला बोल लावू नका." आई मुलाकडं वळली, त्याच्या उगवत आलेल्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चल, घरी चल. जेवला नसशील." पोरगा तिथंच ओक्साबोक्शी रडला. हवालदार खिडकीतून बाहेर बघत होते.

मुलावरचा गुन्हा मागं घेण्याचा अहवाल मी त्याच दिवशी केला. बाईवर गुन्हा दाखल करावा लागला. वकिलानं परोपरीनं सांगूनही तिनं कोर्टात कबुली फिरवली नाही. कोर्टानं तिची हकिगत ऐकून घेतली आणि चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. अंधारा रस्ता अन् दाबून ठेवलेले अर्ज यांबद्दलही मी सविस्तर लिहिलं, अगदी न घाबरता लिहिलं. पुढं तिथं दिवे लागले अन् नियमाप्रमाणं पट्टे मारलेला गतिरोधक झाला.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. बाईनं कबुली दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी चाचा एकटाच ठाण्यात आला. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "साब, बाई का कलेजा देखा? और हम? उसकी बच्ची को मारी सो गाडी मेरेकू पैले दिन से मालूम है. मेरे इच दुकान में माल डालती थी." माल बंद होईल, वैर होईल, या भीतीनं तो गप्प राहिला होता. त्याच्या जबाबावरून आम्ही बंद फाइल उघडली आणि माल टाकणाऱ्या त्या पिकअप गाडीचा ड्रायव्हर करमाडला सापडला. पहिल्याच चौकशीत कबूल झाला.

हे सांगायला मी बाईच्या घरी गेलो. तिनं मशीन थांबवलं. ड्रायव्हरबद्दल तिनं काही विचारलं नाही. "चाचाला पहिल्यापासून ठाऊक व्हतं?" एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं. "अन् म्या रोज त्यांच्याच दुकानातून सामान आणलं," ती स्वतःशीच पुटपुटली.

गल्लीनं तोंड मिटून या बाईला सांभाळलं आणि त्याच मिटल्या तोंडांनी तिच्या लेकीचा गुन्हेगारही सांभाळला. गल्लीगल्लीतल्या एकजुटीची मी आयुष्यभर तारीफ केली, पण तिची ही बाजू मला या बाईनं दाखवली. मी हुशारी केली ती टपरीवर बसून ब्रेक बघण्यापुरती. प्रकरण सोडवलं तिनं.

मी जीपकडं निघालो तेव्हा ती पिशवी घेऊन दुकानाकडं जाताना दिसली. चाचा गल्ल्यावरून उठून उभा राहिला. मला वाटलं, आता काहीतरी होणार.

"पावशेर चहापत्ती द्या," ती म्हणाली. मग पिशवी पुढं करत म्हणाली, "मला बी लगेच बोलायला जमलं नव्हतं, चाचा."