डावा हात मागे

छापखान्यातल्या कटिंगमास्तरांना मालकाची भीती नव्हती, बायकोची थोडीफार होती. पण पन्नाशी उलटल्यावर त्यांना स्वतःच्याच डाव्या हाताची भीती वाटू लागली.

जुन्या मशीनवर तेवीस वर्षं एकच रीत होती. डाव्या हाताने कागदाचा गठ्ठा दाबायचा, उजव्याने मोठं चाक फिरवायचं, मग पातं सावकाश खाली यायचं. हात कधी काढायचा हे डोक्याला विचारावंच लागत नव्हतं. नवीन मशीन विजेचं. गठ्ठा तेच दाबून धरणार. पायाने पेडल दाबलं की पापणी लवायच्या आत पातं खाली. पहिल्याच दिवशी मास्तरांच्या डाव्या बाहीचं बटण कागदाच्या कातरणात जाऊन पडलं. हात तिथे कधी गेला, त्यांना पत्ताच नव्हता.

तेव्हापासून दर कापाला ते मोठ्याने म्हणायचे, "डावा हात मागे. कमरेवर. आता पाय."

सगळ्यांनी चेष्टा केली, मास्तर जपाला बसले म्हणून. म्हणेनात का! भ्यालेल्या माणसाला लाज परवडत नाही. घरी ताटावरही हात कमरेवरच.

"अहो, जेवायला बसलात की भांडायला?" बायको म्हणाली. बटणाचं खरं त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. तिने गुपचूप नवीन लावून दिलं.

एकदा मागून कुणीतरी हाक मारली, शब्द अडखळले आणि हात गठ्ठ्याकडे निघालाच. अर्ध्यावर आवरला.

तीन महिने असेच गेले. मग एका दुपारी शेजारच्या टेबलावर घड्या घालणाऱ्या ताई म्हणाल्या, "मास्तर, घसा बसलाय का?"

"नाही. का?"

"सकाळपासून गप्पच आहात की."

मास्तरांनी वळून पाहिलं. बाजूला कापलेल्या वह्यांची थप्पी छातीपर्यंत आली होती. एवढे काप त्यांनी न बोलता, विचारसुद्धा न करता मारले होते. खाली बघायचा धीर होईना. उजव्या हाताने कमरेवर चाचपलं. डावा तिथेच होता. बोटं मोजली, पाच भरली.

"शिकला की हात आता," ताई हसल्या.

"हो. जुनंही असंच, मला न विचारता शिकला होता," मास्तर म्हणाले. त्यांनी पुढचा गठ्ठा सरकवला आणि पुन्हा मोठ्याने सुरुवात केली, "डावा हात मागे."