न पडलेल्या माना

चांदवडजवळच्या त्या वस्तीवर कांद्याचं बी म्हटलं की कुसाबाईचंच. कांदाचाळीत पावसाळाभर टिकलेले कांदे ती दिवाळीआधी लावायची, त्यांच्या फुलांचं बी झाडून फडक्यात बांधायची. सासूने दिलेलं हे बी तिने एकाही सालात तुटू दिलं नव्हतं. वस्तीतल्या बायका ओंजळ पुढे करून न्यायच्या आणि तिची चार बोलणीही खायच्या.

दोन हजार सालच्या उन्हाळ कांद्याला लागवडीनंतर दोन महिने उलटले होते. एक दिवस तिचा नवरा केरू पडवीतली उरलेली युरियाची गोणी ओढत आला.

"पावसाळ्यात ह्याचे दगड व्हतील. टाकून देऊ का वावरात?"

"आता कशाला? पात वाढायचे दिवस सरले," कुसाबाई म्हणाली. पण बोलता बोलता तिची नजर शेजारच्या कलाबाईच्या वावरात गेली. तिचा कांदा उशिराचा, म्हणून अजून कोवळा, काळाशार. कालच कलाबाईने टोमणा मारला होता, "काय गं कुसाबाई, औंदा कांद्याला उपास धरायला लावला का?"

"टाका," कुसाबाई म्हणाली. "वाया कशाला घालवायचं."

गोणी वावराच्या खालच्या कोपऱ्याआधी संपली. आठवड्याभरात पात अशी उसळली की रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. केरू मिशीत हसायचा.

चैत्र आला. कांदा पिकला की पात मानेतून लवते, आडवी होते. मग मान सुकून मिटते आणि कांदा चाळीत टिकतो. सगळ्यांच्या माना पडल्या. कुसाबाईचं वावर, तो एक कोपरा सोडला, तर हिरवंगार ताठ उभं. सकाळी ती बांधावर जायची, एखादी मान चिमटीत दाबून बघायची आणि परत यायची.

"पडत नसतील तर पाडू," म्हणत केरूने वावरावरून रिकामा पिंप फिरवला. दुसऱ्या दिवशी बघतात तर निम्मी पात पुन्हा उभी.

काढणीला सून उज्वला हरखून गेली. "आत्याबाई, एवढा मोठा कांदा आपल्याला कधीच झाला नाय!"

"तेच म्हणते मी," कुसाबाई म्हणाली. अंगठ्याएवढ्या जाड मानेवर विळा लागला की पाणी सुटत होतं.

आषाढात चाळीखाली काळा ओघळ दिसला. वरून तांबडा, घट्ट दिसणारा कांदा तिने उचलला, तर बोट सरळ आत गेलं. रोज पाट्या भरून नासके काढायचे; दुसऱ्या दिवशी कालचे चांगले नासलेले. बियाण्यासाठी वेगळे ठेवलेले कांदेही गेले. तो वास लुगड्याला, भाकरीला, सगळ्या वस्तीला लागला.

उरली ती कोपऱ्यातली गोल्टी, म्हणजे बारके कांदे. भाजीसाठी म्हणून तिने ते खाटेखाली पसरले होते. उज्वलाने त्यातले दोन उचलले, तशी कुसाबाई खेकसली, "ठेव खाली! आता हेच आपलं बी."

श्रावणात कलाबाई उंबऱ्यात आली. या खेपेला आवाज मऊ होता. "पुढल्या साली देशील ना गं मूठभर बी?"

"बघू."

ती गेल्यावर कुसाबाईने खाटेखाली वाकून वास घेतला. मग तिने सुनेला हाक मारली.

"उज्वला, तू ये गं. वास येतोय का बघ. माझं नाक आता खात्रीचं राहिलं नाय."